स्मार्टफोनचा रिंगर : घरच्या घरी बदल

स्मार्टफोनच्या तळाशी असलेला ध्वनिवर्धक निकामी झाल्यावर तो घरीच काढून नवा बसवण्याची दुरुस्ती. घंटी, गाणी, व्हिडिओ आणि ‘स्पीकरवर’ घेतलेले बोलणे याच भागातून ऐकू येते. पहिला घोळ नावाचा. दुरुस्तीच्या धंद्यात या भागाला ‘रिंगर’ म्हणतात, काही जण ‘बझर’ही म्हणतात. ‘स्पीकर’ मागितला तर दुकानदार कानाशी धरायचा वरचा चिमुकला भाग काढून देतो. हा भेद ठाऊक नसला की एक खेप फुकट जाते, आणि गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरच्या सिरोंच्याहून एक खेप म्हणजे दिवस मोडतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत ही दुरुस्ती हौसेपेक्षा अंतरामुळे घरी होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा उत्तरेच्या कोरचीपासून दक्षिणेच्या सिरोंच्यापर्यंत लांबच लांब पसरला आहे. सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे दोनशे किलोमीटर पडते. त्यापेक्षा प्राणहिता नदीपलीकडचे तेलंगणातले मंचेरियाल जवळ. भामरागडला तर पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की रस्ताच उरत नाही. केंद्र सरकारने २०१४ मध्ये नक्षलग्रस्त भागांसाठी २,१९९ मोबाइल टॉवरांची योजना मंजूर केली आणि २०२२ मध्ये ते टॉवर ४जी करण्याचा निर्णय घेतला. टॉवरामागोमाग फोन आला. दुरुस्ती मात्र तालुक्याच्या बाजारापर्यंत येऊन थांबली. तिथल्या दुकानातही भाग नसला तर तो चंद्रपूरहून किंवा नागपूरच्या बर्डीच्या बाजारातून यायचा.

शिवाय इकडे रिंगरला काम जास्त. फोन कानाला लावून एकट्याने बोलण्यापेक्षा तो स्पीकरवर टाकून चौघांनी ऐकणे ही सवय जुनी. वाचता न येणाऱ्याला निरोप आवाजातच हवा असतो. रेंज टेकडीवरच्या एखाद्याच जागी मिळत असेल तर फोन तिथे ठेवून भोवती बसूनच बोलावे लागते. रोवणी, मोहफुले वेचणे, तेंदूपानांचे पुडके बांधणे ही सारी कामे उघड्यावरची, त्यामुळे मेमरी कार्डातली झाडीपट्टीची किंवा गोंडी-माडिया गाणी पूर्ण आवाजात लावली जातात. चिमूटभर रिंगर तासन्‌तास असा ओरडला की त्याचे वेटोळे तापते, आणि तापलेले वेटोळेच बहुधा पुढे जळते.

रचना : रिंगर हा मोठ्या ध्वनिवर्धकाचाच बुटका भाऊ. १९२५ मध्ये अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी फिरत्या वेटोळ्याच्या ध्वनिवर्धकाला जे रूप दिले तेच तत्त्व इथेही आहे : चुंबकाच्या फटीत बारीक तारेचे वेटोळे, त्याला चिकटलेला पातळ पडदा, प्रवाह बदलला की वेटोळे पुढेमागे होते आणि पडदा हवा ढकलतो. इतका छोटा रिंगर शक्य झाला तो १९८० च्या दशकात आलेल्या निओडिमियम चुंबकामुळे. पडद्यामागे प्लॅस्टिकची बंद डबी असते आणि आवाजाचा भरदारपणा तिच्यावर अवलंबून असतो. पडद्याच्या मागची लहर फटीतून पुढे आली तर पुढच्या लहरीला खाऊन टाकते आणि आवाज पत्र्यासारखा होतो. नवा रिंगर बसवूनही ‘पहिल्यासारखा वाजत नाही’ ही तक्रार पुष्कळदा इथून निघते; जुन्यावरचा रबरी काठ किंवा स्पंजची पट्टी नव्यावर लावायची राहिलेली असते.

या चुंबकाला स्थानिक शत्रू आहेत. लेथ, ग्राइंडर आणि वेल्डिंगच्या दुकानातला लोखंडी कीस जाळीपाशी ओढला जातो आणि केसाळ बुरशीसारखा उभा राहतो. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रातून निघते तशा कोळशाच्या राखेतही लोहाचे सूक्ष्म चुंबकीय कण असतात. कोळशाची भुकटी चुंबकाला चिकटत नाही, पण घामट खिशातल्या ओलाव्याने जाळीवर लिंपली जाते. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचे खनिज हेमॅटाइट आहे. लोखंडाचे असूनही ते चुंबकाकडे फारच क्षीण ओढले जाते, म्हणून त्या लाल धुळीचा त्रास जाळी बुजण्याचा, पडद्यात अडकण्याचा नव्हे.

निदान : ‘रिंगर गेला’ म्हणून उघडलेल्या पुष्कळ फोनांत रिंगर धडधाकट निघतो. म्हणून स्क्रू ड्रायव्हर शोधण्याआधी अर्धा तास इथे घालवावा. फोन ब्लूटूथने दुसऱ्याच स्पीकरच्या डब्याला जोडलेला नाही ना? लग्नाच्या मांडवात वाजवलेला डबा शेजारच्या घरात चालू असतो आणि आपला फोन मुका वाटतो. स्क्रीनवर हेडफोनचे चिन्ह दिसत असेल तर हेडफोनच्या भोकात कापसाचे तंतू किंवा ओल आहे. ती निघाली की आवाज परततो. घंटी आणि गाण्यांचा आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांनी वाढतो, हेही तपासावे. सॅमसंगच्या बहुतेक फोनांत डायल पॅडवर तारा, हॅश, शून्य, तारा, हॅश दाबले की चाचणीची यादी उघडते आणि तिच्यातून रिंगर वाजवून बघता येतो.

आवाजाचा प्रकारही पुष्कळ सांगतो. दबका आवाज म्हणजे जाळी बुजली किंवा ओली झाली. खरखर किंवा फाटका आवाज म्हणजे पडदा फाटला, नाहीतर फटीत कण गेला. तळाशी बोटाने दाबल्यावर आवाज येत असेल तर स्क्रू ढिला किंवा संपर्काची पत्ती दबलेली. फक्त पूर्ण, कायमची शांतता जळलेल्या वेटोळ्याकडे बोट दाखवते, आणि तीही खात्रीने नाही.

बुजलेल्या जाळीसाठी कोरडा मऊ टूथब्रश पुरे. जाळी खाली येईल असा फोन धरून हलक्या हाताने घासावे. सुई किंवा टाचणी घालू नये. जाळीच्या लगेच मागे पडदा असतो. भिजलेल्या फोनासाठी इकडचा सर्वमान्य उपाय म्हणजे तांदळाचा डबा, आणि धानाच्या मुलुखात तो सहज सुचतो. पण तांदूळ फोनाच्या आतले पाणी ओढून घेत नाही, उलट त्याची भुकटी भोकांत जाते. ॲपलनेही २०२४ मध्ये फोन तांदळात ठेवू नका असे आपल्या सूचनांत लिहिले. फोन बंद करून, भोके खाली करून, पंख्याच्या वाऱ्यात उभा ठेवणे बरे.

कृती : फोनाच्या नावाने नव्हे, मॉडेल क्रमांकाने भाग मागवावा, एकाच नावाच्या दोन फोनांत डबीचा आकार वेगळा असू शकतो. बॅटरी पाव भरलेलीच असू द्यावी, फोन पूर्ण बंद करावा आणि सिमचा ट्रे आधी काढावा, कारण तो आत राहिला तर मागचे झाकण ओढताना तुटतो. हाताशी बारीक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, प्लॅस्टिकचा ओपनर, चिमटा आणि वहीचा एक कागद असावा. कागदावर फोनाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टेपने चिकटवायचा. ही बालिश वाटणारी युक्ती कारागीरही सोडत नाहीत, कारण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात पिळला तर तो खालच्या बोर्डात घुसतो आणि शंभर-दोनशेची दुरुस्ती हजारांत जाते.

सर्वांत कठीण भाग मागचे झाकण. प्लॅस्टिकचे असेल तर कडेने ओपनर फिरवला की टकटक करीत सुटते. काचेचे असेल तर गोंद मऊ करावा लागतो. केस वाळवायचे यंत्र नसेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी कडांवर काही मिनिटे ठेवूनही काम होते. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा ‘उन्हातच ठेवून देऊ’ असा मोह होतो, तो टाळावा : ऊन गोंदाबरोबर बॅटरीही तापवते. बोटाचा ठसा घेणारे बटण मागे असलेल्या फोनांत झाकणाला एक पातळ पट्टी जोडलेली असते. झाकण झटक्याने उचलले की ती तुटते. आयफोनच्या बऱ्याच पिढ्या स्क्रीनच्या बाजूने उघडतात. पहिला हात त्यांच्यावर साफ करू नये.

झाकण निघाले की आधी बॅटरीचा जोड सोडवायचा, मग बाकी सगळे. बॅटरी फुगलेली दिसली तर काम तिथेच थांबवावे. तिला ओपनरचे टोक लागणे म्हणजे आगीला आमंत्रण. खालच्या भागातले प्लॅस्टिकचे आवरण स्क्रू काढल्यावर सुटते. अनेक स्वस्त फोनांत हे आवरण आणि रिंगरची डबी एकच असते, आणि तिच्या दोन पत्त्या चार्जिंग बोर्डावरच्या सोनेरी ठिपक्यांवर नुसत्या टेकलेल्या असतात. डाग देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची, गरज नसते. जुन्या फोनांत मात्र दोन तारा डागलेल्या सापडतात. चिमटा रिंगरजवळ नेला की चुंबक तो खेचून घेतो आणि टोक पडद्यात रुतते, म्हणून इथे प्लॅस्टिकचा चिमटा किंवा नुसती बोटे.

सुट्या रिंगरच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावावा. ६ ते ८ ओहमच्या आसपास आकडा दिसला आणि हलकीशी ‘टिक’ ऐकू आली तर वेटोळे जिवंत आहे. आकडाच आला नाही तर तार तुटली. वेटोळे जिवंत असेल तर सोनेरी ठिपके खोडरबराने घासून, पत्त्या किंचित वर उचलून पुन्हा बसवून पाहावे. नवा भाग न लागताच फोन बोलू लागल्याची उदाहरणे कमी नाहीत. नवा रिंगर बसवूनही शांतताच राहिली तर दोष चार्जिंग बोर्डात, बोर्डांना जोडणाऱ्या पट्टीत किंवा आवाज वाढवणाऱ्या आयसीत असतो. आयसी बदलणे घरचे काम नव्हे.

झाकण चिकटवण्याआधी बॅटरी जोडून घंटी, गाणे, माइक आणि चार्जिंग सगळे तपासावे. मग कडेने गोंदाची बारीक रेघ ओढून, रबर बँड लावून फोन रात्रभर ठेवावा. गोंद जाळीकडे वाहिला की नवा रिंगरही दबका वाजतो. आणि जो फोन पूर्वी पाण्याला तोंड देत होता तो उघडल्यानंतर तसा राहिला असे धरून चालू नये. मृगाच्या पहिल्या पावसात तो प्लॅस्टिकच्या पिशवीतच बरा.

हक्क आणि सुटे भाग : वॉरंटीतला फोन घरी उघडला तर कंपनी पुढची फुकट दुरुस्ती नाकारू शकते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केले. त्यावर कंपन्यांची माहिती मिळते, सुटा रिंगर एटापल्लीच्या पत्त्यावर येत नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोनच्या ठरावीक सुट्या भागांचा पुरवठा मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षे ठेवणे बंधनकारक झाले आहे आणि त्या यादीत ध्वनिवर्धक आहे. नेदरलँड्सची फेअरफोन कंपनी तर रिंगर स्वतंत्र विकते, आणि तो साध्या स्क्रू ड्रायव्हरने निघतो. आपल्याकडे बाजारात येणारा भाग बहुधा बिननावाचा असतो. वजनाला हलका, चुंबक अशक्त. पर्याय असल्यास मोडीतल्या तशाच फोनातून काढलेला मूळ रिंगर घ्यावा, तो बहुतेक वेळा जास्त टिकतो.

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत मोबाइल दुरुस्तीचा ३० दिवसांचा वर्ग असतो. तो केलेला एखादा तरुण गावात असला तर या नोंदीतली अर्धी सावधगिरी त्याच्यावर सोपवता येते. काढलेला जुना रिंगर चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नये. तो ई-कचरा आहे, आणि ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुन्या रिंगरमधले चुंबक मात्र आधी सोडवून घेतले तर भिंतीच्या फटीत पडलेली सुई काढायला वर्षानुवर्षे उपयोगी पडते.