दांडी नसलेली सायकल

पुण्यात आमच्या घरी एक लेडीज सायकल होती. पुढे दांडी नाही, चेनवर पत्र्याचं झाकण, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी. आई तिच्यावरून नोकरीला जायची. दांडी का नाही, असं मी लहानपणी विचारलं, तेव्हा 'बायकांची आहे म्हणून' एवढंच उत्तर मिळालं. पुरतं उत्तर व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडात आहे. ते शोधताना मला आधी भेटली ती तीनचाकी. तीनचाकी म्हटलं की आपल्याला पोरांचं खेळणं आठवतं. १८८०च्या सुमारास मात्र ती प्रौढ, प्रतिष्ठित माणसांची हौस होती.

तेव्हाची दुचाकी म्हणजे पेनी-फार्दिंग. पुढचं चाक छातीएवढं, मागचं टीचभर. पेडलं थेट पुढच्या चाकाला जोडलेली, त्यामुळे चाक जेवढं मोठं तेवढा एका फेरीत पल्ला जास्त. वाटेत दगड आडवा आला की स्वार डोक्यावर आपटायचा. तरुण पुरुषांना हा धोकाच आवडत असावा. घोळदार झगा घातलेल्या बाईला तिच्यावर चढणंही शक्य नव्हतं.

कॉव्हेंट्री गावात जेम्स स्टार्ली हा मुळात शिलाई यंत्रांचा कारागीर. आपल्या मुलाबरोबर तो जोडीनं बसायची गाडी चालवत होता. मुलगा तरुण आणि जोरकस, त्यामुळे गाडी सारखी एका बाजूला ओढली जायची. यातूनच त्याला उपाय सुचला, असं सांगतात. दोन्ही बाजूंच्या चाकांना जोर मिळावा, पण वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरण्याची मोकळीक राहावी, अशी दातेरी चाकांची जुळणी त्यानं १८७७मध्ये केली. कल्पना जुनी होती. सडकेवर ती रुळली तीनचाकीमुळे. पुढे मोटारींनी हीच जुळणी घेतली. खेळणं म्हणून हसण्याआधी एवढं आठवावं.

या गाडीत दोन मोठ्या चाकांच्या मधे, खुर्चीवर बसल्यासारखं बसता येई. तोल सांभाळायला नको, झगाही नीट राही. आइल ऑफ वाइटवर एक तरुणी ती चालवताना राणीच्या दृष्टीस पडली आणि १८८१मध्ये राणीनं दोन गाड्या मागवल्या. स्टार्लीच्या 'साल्व्हो'चं नाव लगेच 'रॉयल साल्व्हो' झालं. राणीनं मागवलेली वस्तू बायकांना अशोभनीय आहे, असं म्हणणं मग जरा अवघडच होतं.

१८७८मध्ये हॅरोगेट इथे दुचाकीवाल्यांनी प्रवासासाठी 'बायसिकल टूरिंग क्लब' काढला. १८८०मध्ये त्यात स्त्रिया सभासद होऊ लागल्या. तीनचाकीवाल्यांनाही सामावून घ्यायचं म्हणून १८८३मध्ये नाव 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' असं बदललं. गावोगावच्या खाणावळींशी सभासदांसाठी दर ठरवून घेणं हे क्लबाचं मोठं काम. पुढच्या भांडणात हा तपशील महत्त्वाचा आहे.

१८८५मध्ये स्टार्लीच्या पुतण्यानं 'रोव्हर' ही सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली दुचाकी आणली. १८८८मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला. जड आणि दारातून आत न मावणारी तीनचाकी मागे पडली. बायकांसाठी नव्या दुचाकीची दांडी काढली आणि चेनीवर झाकण घातलं. झगा तसाच ठेवायचा आणि गाडी बदलायची, अशी ही तडजोड होती. माझ्या आईच्या साडीला ती आयती मिळाली.

लेडी हार्बर्टन यांना ती मान्य नव्हती. गाडी नव्हे, कपडे बदला, असं त्यांचं म्हणणं. त्या स्वतः सैल, आखूड विजार घालून सायकल चालवत. ऑक्टोबर १८९८मध्ये त्या सरे परगण्यातल्या ऑकहॅम इथे 'हॉटबॉय' हॉटेलात जेवायला थांबल्या. हॉटेल क्लबाच्या यादीतलं. मालकीणबाईंनी या पोशाखात कॉफीच्या दालनात बसू देणार नाही, म्हणून सांगितलं. वाटल्यास दारूच्या गुत्त्याशेजारच्या खोलीत बसा. तिथे पुरुष दारू पीत बसले होते. बाईंनी नकार दिला आणि त्या न जेवता बाहेर पडल्या. मला इथे थांबावंसं वाटतं. हाकलणारीही बाईच होती, आणि आपल्या हॉटेलाची अब्रू राखतो आहोत, असं तिला मनापासून वाटत असणार.

क्लबानं खटला लावला. एप्रिल १८९९मध्ये किंग्स्टन इथे तो चालला. जेवण नाकारलं का, एवढाच कायद्याचा प्रश्न होता. कुठल्या खोलीत, हा नव्हता. जेवण तर दुसऱ्या खोलीत देऊ केलंच होतं. ज्यूरीनं मालकीणबाईंना निर्दोष ठरवलं.