स्वस्त विद्युत तंतुवाद्यांची प्रत आणि मोल : खान्देशातील बेंजो व गिटार यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील वाद्यनिर्मितीचा विचार मांडताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने मिरजेकडे जाते. तेथील सतार व तंबोरा यांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची असून २०२४ मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. हा गौरव यथोचितच आहे. तथापि सामान्य माणसाने आपल्या ऐपतीप्रमाणे विकत घेतलेल्या, वरातीत वाजवलेल्या आणि मोडल्यावर गावातच दुरुस्त करून घेतलेल्या वाद्यांचा इतिहास मात्र फारसा लिहिला गेलेला नाही. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, म्हणजे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे विभाजन झालेल्या जुन्या खान्देशात, अशा वाद्यांमध्ये बेंजोचे स्थान ठळक आहे. त्याच्या जोडीला आता अल्प किमतीची विद्युत गिटार आली आहे.

ही स्वस्त विद्युत तंतुवाद्ये पारखावी कशी, या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी तीन संज्ञांमधील भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. दुकानात मोजावे लागणारे पैसे ही वाद्याची किंमत होय. वाद्याच्या बांधणीतील अचूकपणा ही त्याची प्रत होय. आणि ते वाद्य वादकाच्या हाती किती वर्षे, किती कामाचे ठरते, हे त्याचे मोल होय. व्यवहारात या तिन्ही गोष्टी एकच मानल्या जातात आणि तेथेच पारख चुकते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

१. विद्युत गिटार आणि काटकसरीचा इतिहास

तारेखाली चुंबक व त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे ठेवले असता पोलादी तारेच्या कंपनामुळे वेटोळ्यात क्षीण विद्युत प्रवाह निर्माण होतो. हा प्रवाह वर्धकातून मोठा केला की ध्वनी ऐकू येतो. या तत्त्वावरील पहिली यशस्वी गिटार अमेरिकेत रिकनबॅकर कंपनीने १९३२ च्या सुमारास बाजारात आणली. मांडीवर आडवी ठेवून वाजवण्याची ही हवाईयन पद्धतीची गिटार ॲल्युमिनियमची होती आणि तापमान वाढले की तिचे सूर हलत असत. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या जळगाव-भुसावळच्या वाचकाला या दोषाचे गांभीर्य सांगावयास नको.

पुढे १९५० मध्ये लिओ फेंडर यांनी सपाट, भरीव लाकडी फळीला स्क्रूने दांडी जोडलेली गिटार विक्रीस आणली. हीच पुढे टेलिकास्टर या नावाने प्रसिद्ध झाली. तत्कालीन उच्च प्रतीच्या गिटारी कोरीव, पोकळ व कुशल हातांनी घडवलेल्या असत. त्यांच्या तुलनेत फेंडर यांची रचना ही कारखान्यातील सोयीची आणि दुरुस्तीच्या सोयीची होती. दांडी खराब झाली तर ती काढून दुसरी बसवता येत असे. आज जे नमुने श्रेष्ठतेचे मानदंड समजले जातात त्यांच्या मुळाशी काटकसरीचाच विचार होता, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

१९५० च्या दशकात डॅनइलेक्ट्रो या कंपनीने तर हार्डबोर्डच्या पातळ फळ्या लाकडी चौकटीवर बसवून गिटारी बनवल्या. सीअर्स या टपालाने माल विकणाऱ्या व्यापारी संस्थेने त्या सिल्व्हरटोन या नावाने विकल्या. १९६० च्या दशकात तिच्या एका नमुन्यात वर्धक गिटारीच्या पेटीतच बसवलेला होता, म्हणजे शिकाऊ मुलाला एकाच खरेदीत सर्व साहित्य मिळत असे. ही गिटार त्या काळी हलक्या दर्जाची समजली गेली. परंतु लेड झेपेलिनच्या जिमी पेज यांसारख्या वादकाने डॅनइलेक्ट्रो रंगमंचावर वाजवली आणि आज संग्राहक त्या जुन्या गिटारी शोधत असतात. १९८२ मध्ये फेंडर कंपनीने स्क्वायर या नावाने जपानमध्ये तयार होणारी स्वस्त मालिका काढली, तेव्हाही आरंभीच्या या जपानी गिटारींची बांधणी मूळ अमेरिकी मालाच्या तोडीची असल्याचे जाणकारांना मान्य करावे लागले. त्यानंतर उत्पादन कोरिया, इंडोनेशिया व चीन येथे गेले. संगणकनियंत्रित यंत्रांमुळे दांडी व पडद्यांच्या खाचा अचूक कापणे स्वस्त झाले. सारांश, किंमत आणि प्रत यांचे नाते कधीही सरळ राहिलेले नाही.

२. बेंजो : नागोयाहून खान्देशापर्यंत

खान्देशात ज्याला बेंजो म्हणतात त्याचा अमेरिकी बँजोशी नावापलीकडे संबंध नाही. त्याचे मूळ जपानमधील ताइशोगोतो या वाद्यात आहे. नागोया येथील मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये, टंकलेखन यंत्राप्रमाणे बटणे दाबून तारेवर स्वर मिळवण्याची ही रचना सिद्ध केली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे वाद्य भारतात आले व बुलबुल तरंग या नावाने रुळले. बलुचिस्तानात त्याचेच बेंजू झाले आणि तेथे त्याला मैफलीचे गंभीर वाद्य म्हणून प्रतिष्ठा मिळाली. महाराष्ट्रात ते मिरवणुकीचे वाद्य बनले. २०१६ मध्ये रवी जाधव दिग्दर्शित ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट आला तेव्हा या वाद्याचे नाव मोठ्या पडद्यावर झळकले.

अभिजात संगीताच्या निकषावर बेंजो उणा ठरतो हे मान्यच करावे लागेल. त्याचे स्वर बटणांनी बांधलेले असल्याने सतारीप्रमाणे तार खेचून मींड घेता येत नाही. श्रुतिभेद दाखवणे कठीण. परंतु ज्या कामासाठी तो वापरला जातो त्या कामाच्या दृष्टीने पाहिले तर हाच दोष गुण ठरतो. वरात चालत असते, वादक हलत्या गाडीवर बसलेला असतो, भोवती ढोल-ताशा व पितळी वाद्ये गर्जत असतात. अशा वेळी बटण दाबताच नेमका स्वर देणारे, पिकअप बसवून भोंग्याला जोडता येणारे आणि चित्रपटगीताची चाल द्रुत आघातांनी स्पष्ट उमटवणारे वाद्य हवे असते. लगीनसराईत, तसेच श्रावणातील कानबाईच्या मिरवणुकीत चाल ओळखू येणे हेच महत्त्वाचे असते.

चित्रपटगीत तारेवर ऐकण्याची सवयही याच काळात घडली. व्हॅन शिपले व हजारा सिंग यांच्या विद्युत गिटारीवरील चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका, १९५७ मध्ये सुरू झालेली विविध भारती आणि १९७६ मध्ये सुरू झालेले आकाशवाणीचे जळगाव केंद्र यांचा या संदर्भात विचार व्हावयास हवा. विद्युत तंतुवाद्याचा ध्वनी श्रोत्यांच्या कानी आधी पोहोचला. गिटार हाती येणे मात्र पुष्कळांना दीर्घकाळ शक्य नव्हते. ही उणीव बेंजोने भरून काढली, असे म्हणता येईल.

बेंजोचे खरे बळ त्याच्या दुरुस्तीत आहे. त्याची पेटी सुताराला समजते, बटणांच्या पट्ट्या व स्प्रिंगा बारीक काम करणाऱ्या कोणत्याही कारागिराला समजतात, आणि ज्याला रेडिओ किंवा लाऊडस्पीकर दुरुस्त करता येतो त्याला पिकअपची तुटलेली तार जोडणे अवघड नाही. वाद्य बनवणारा दूर असला तरी ते जिवंत ठेवणारा जवळच असतो. एकाच तारेचे तुणतुणे शतकानुशतके गोंधळी व शाहिरांच्या हाती टिकले, त्यामागेही हेच कारण आहे.

३. भारतीय बाजारपेठ आणि नाममुद्रेचा मोह

१९९१ पूर्वीच्या परवाना पद्धतीत परदेशी गिटार सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात नव्हती. मुंबईत १८६५ पासून चालत आलेल्या फुर्तादोज यांसारख्या वाद्यविक्रेत्यांकडे जाऊ शकणाऱ्यांची गोष्ट निराळी. जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचत ती मुख्यतः कोलकात्यात बनलेली गिटार. गिव्हसन व हॉबनर ही तेथील नावे परदेशी कंपन्यांची आठवण करून देणारी होती, हे सूचक आहे. ग्राहक वाद्याबरोबर नावाचीही किंमत मोजत होता. एप्रिल २००१ मध्ये आयातीवरील उरलेले संख्यात्मक निर्बंध उठले आणि त्यानंतरच्या काळात पूर्व आशियातील माल सर्वत्र मिळू लागला. आज दहा हजार रुपयांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी किमतीत, विद्युत गिटार घरपोच मिळते.

यातून एक नवीनच अडचण उद्भवली. पूर्वी वाद्य महाग व दुर्मिळ असल्याने ते हातात घेऊन, वाजवून, जाणत्याला दाखवून घेतले जाई. आता ते चित्र पाहून मागवले जाते. पारख करण्याची पायरीच गळाली.

४. प्रत पारखण्याच्या कसोट्या

भरीव विद्युत गिटारीत पेटीच्या लाकडाचा ध्वनीतील वाटा पोकळ गिटारीइतका मोठा नसतो. त्यामुळे लाकडाचे नाव व रंगाची झळाळी यांना दुय्यम समजून पुढील बाबी तपासणे इष्ट ठरते.

पहिली कसोटी दांडीची. टोकाकडून नजर टाकली असता ती पिळलेली दिसू नये. किंचित बाक असल्यास आतील पोलादी सळई फिरवून तो काढता येतो. पीळ मात्र सहसा निघत नाही. दुसरी कसोटी पडद्यांची. प्रत्येक पडद्यावर प्रत्येक तार वाजवून पाहावी. कोठे खरखर किंवा मुका स्वर आल्यास पडद्यांची उंची असमान असू शकते. त्यांची टोके बोटाला लागू नयेत. तिसरी कसोटी सुरेलपणाची. बाराव्या पडद्यावर तार दाबून येणारा स्वर व तेथेच हलका स्पर्श करून येणारा स्वर एकच असला पाहिजे. फरक असल्यास घोडी मागे-पुढे सरकवून तो दूर होतो का, हे पाहावे. चौथी कसोटी खुंट्यांची. तार थोडी खेचून सोडल्यावर सूर उतरता कामा नये. पाचवी कसोटी विद्युत जोडणीची. बटणे फिरवताना करकर होऊ नये व तारांना हात लावताच गुणगुण वाढू नये.

या पाचांपैकी तारांची उंची, घोडी, बटणे व खुंट्या या गोष्टी थोड्या खर्चात सुधारता येतात. पिळलेली दांडी व चुकीच्या जागी बसवलेले पडदे यांचे दोष मात्र वाद्याच्या किमतीपेक्षा महाग पडतात. म्हणून स्वस्त वाद्य घेताना ‘यात काय चांगले आहे’ यापेक्षा ‘यातील कोणता दोष कायमचा आहे’ हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो.

५. मोल हे स्थानसापेक्ष असते

हीच गिटार मुंबईत आणि शिरपूर किंवा चोपड्यात सारख्याच मोलाची असते असे नाही. खान्देशचा कोरडा, कडक उन्हाळा व त्यानंतरचा दमट पावसाळा यांमुळे दांडीचे लाकूड आकसते व फुगते. एप्रिलमध्ये पडद्यांची टोके बाहेर डोकावतात, जुलैत तारांची उंची बदलते. महानगरात ही दुरुस्ती करणारा कारागीर सहज मिळतो. येथे त्यासाठी वाद्य बाहेरगावी पाठवावे लागले तर प्रवासखर्च व वाया गेलेले दिवस वाद्याच्या किमतीत मिळवले पाहिजेत. भर लगीनसराईत दुरुस्तीअभावी पडून राहिलेले वाद्य म्हणजे बुडालेली कमाई होय.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. बहुतेक विद्युत गिटारींच्या तारा वर्धकाच्या भूजोडणीशी जोडलेल्या असतात. वरातीतील गाडीवर जनरेटर चालतो व तेथे योग्य भूजोडणी नसल्यास, वादकाचा हात तारांवर आणि ओठ मायक्रोफोनला लागताच विजेचा धक्का बसण्याचा संभव असतो. धातूच्या तारा वर्धकाशी तशाच जोडलेल्या असल्यास बेंजोवादकालाही हा धोका आहे. वाजंत्रीचे काम परंपरेने ज्या समाजांच्या वाट्याला आले त्यांतील अनेक कुटुंबे आजही या व्यवसायावर अवलंबून आहेत. ध्वनिप्रदूषण नियम २००० अन्वये रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांवर बंधन आले, दुसरीकडे डीजेची स्पर्धा वाढली. अशा स्थितीत वादकाला स्वस्त वाद्यच परवडते. ते सदोष निघाल्यास त्याची झळ ग्राहक म्हणून नव्हे, तर श्रमिक म्हणून त्याला बसते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. एक, अल्प किंमत म्हणजे हलकी प्रत हे समीकरण इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. दोन, यंत्रोत्पादनामुळे आजच्या स्वस्त गिटारीची बांधणी पूर्वीपेक्षा अचूक होऊ शकते. परंतु तिची शेवटची जुळवणी माणसाच्या हातानेच व्हावी लागते. तीन, वाद्याचे मोल त्याच्या दुरुस्तीच्या सोयीवर अवलंबून असते. प्रतीच्या दृष्टीने कमी लेखला गेलेला बेंजो खान्देशात टिकला तो त्याला जपणारे हात येथेच होते म्हणून. आणि अधिक सुबक असलेली गिटार असे हात न मिळाल्यास काही वर्षांतच अडगळीत जाते.

या दृष्टीने जळगाव व धुळे येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी पडदे घासणे, सळई जुळवणे, पिकअपची जोडणी व सुरक्षित भूजोडणी यांचा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम सुरू केल्यास तो उपयुक्त ठरेल. महाविद्यालयांच्या इतिहास व संगीत विभागांनीही बेंजो दुरुस्त करणाऱ्या वृद्ध कारागिरांच्या मुलाखती वेळीच नोंदवून ठेवाव्यात. त्यांच्याजवळील ज्ञान कोणत्याही कारखान्याच्या पुस्तिकेत सापडणार नाही आणि नव्याने आलेल्या गिटारीलाही या भूमीत रुजण्यासाठी त्याच ज्ञानाची गरज आहे.