बारभाईंची कुळकथा

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत दुरुस्तीच्या खर्चाचा हिशेब लागेनासा झाला की मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतंच, "सगळा बारभाई कारभार!" मिरारोडच्या पूनम सागरमध्ये असं म्हणताना मात्र जरा थांबावं. ही वसाहत ज्या साष्टी बेटावर उभी आहे, ते मराठ्यांच्या हातून गेलं बारभाईंच्याच काळात. पण घालवलं त्यांनी नव्हे, त्यांच्याशी भांडणाऱ्यानं.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना ठार केलं. 'ध'चा 'मा' झाल्याची गोष्ट खरी असो वा नसो, रामशास्त्री प्रभुण्यांनी खुनाचा दोष काकांच्या, म्हणजे रघुनाथराव ऊर्फ राघोबांच्या पदरात घातला. तरी पेशवाईची वस्त्रं काकांनीच घेतली. इकडे नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे, मोरोबा फडणीस अशा मंडळींनी तिला पुरंदरावर हलवलं आणि तिच्या नावानं कारभार सुरू केला. हेच बारभाईंचं कारस्थान. मोजून बारा होते का? याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. पुढे शिंदे-होळकरही येऊन मिळाले. बारा म्हणजे पुष्कळ, एवढंच धरावं.

मराठी फौजा मराठी फौजांवर चालून गेल्या. मार्च १७७४ मध्ये कासेगावच्या लढाईत राघोबांनी त्रिंबकराव पेठ्यांना हरवलं. जखमी त्रिंबकराव कैदेत वारले. एप्रिलमध्ये गंगाबाईला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. राघोबांचे साथीदार गळू लागले. सरदारांना आता पाळण्यातला धनी परवडत होता. खुनाचा डाग लागलेला जाणता धनी नको होता.

मग राघोबा इंग्रजांच्या दारी गेले. मुंबईकर इंग्रजांचा साष्टी आणि वसईवर केव्हाचा डोळा होता. घरच्या भांडणाचा फायदा घेऊन त्यांनी डिसेंबर १७७४ अखेर ठाण्याचा किल्ला घेतला, पाठोपाठ साष्टी. मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहात राघोबांनी साष्टी-वसई देऊ केली. बदल्यात अडीच हजारांची फौज. म्हणजे चोरी आधी झाली, बक्षीसपत्र मागून आलं. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत १७३७ साली पोर्तुगीजांकडून घेतलेली साष्टी सदतीस वर्षांत पुन्हा टोपीकरांकडे गेली. इंग्रजांतही दोन तट होते, ही गंमत वेगळीच: कलकत्त्यानं मुंबईचा तह नामंजूर केला आणि १७७६ मध्ये पुरंदरला बारभाईंशी नवा केला. साष्टी मात्र सोडली नाही. १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रजी फौज कोंडून मुलूख परत देण्याचं कबूल करून घेतलं. मुंबईनं तो शब्दही पाळला नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडे कायम झाली, राघोबांना तनखा मिळाला.

तेव्हा बारभाई म्हटलं की अनागोंदी, हा मला अन्याय वाटतो. पाळण्यातल्या पेशव्याच्या नावानं त्यांनी राज्य चालवलं आणि इंग्रजांना सात वर्षं राघोबांना गादीवर बसवू दिलं नाही. मात्र भाऊपण टिकलं नाही, हे खरं. १७७८ मध्ये मोरोबा राघोबांच्या बाजूनं उठले आणि कैदेत गेले. वडगावनंतर सखारामबापूंवरही राघोबांशी संधान बांधल्याचा ठपका आला, त्यांचा शेवट कैदेतच झाला. साडेतीन शहाण्यांत बापू पुरे एक आणि नाना अर्धे, कारण नानांना तलवार गाजवता येत नव्हती. टिकले ते अर्धेच. सालबाईचा तह महादजी शिंद्यांनी जुळवला. नानांनी तो मान्य करायला १७८३ उजाडवलं. बारभाईंपैकी शेवटचा शब्द ज्यांचा चालावा असे तोवर हे दोघेच उरले होते, आणि त्यांचंही आपसांत फारसं पटत नव्हतं.