‘दि ॲनिमल्स’ : एका वाद्यवृंदाचा उदय आणि कर्तृत्वाचा प्रश्न

लोकपरंपरेतील गीताचा कर्ता कोण, हा प्रश्न न्यूकॅसलच्या ‘दि ॲनिमल्स’ या वाद्यवृंदाच्या इतिहासात विशेष तीव्रतेने उपस्थित होतो. कोळसा व जहाजबांधणी यांवर वाढलेल्या या इंग्लिश शहरातील पाच तरुणांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे रिदम अँड ब्लूज संगीत आत्मसात केले आणि १९६४ मध्ये ‘दि हाउस ऑफ दि रायझिंग सन’ या गीताच्या ध्वनिमुद्रिकेने ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत अग्रस्थान मिळविले.

हे गीत मूळचे अमेरिकन लोकपरंपरेतील होय. ॲलन लोमॅक्स यांनी १९३७ मध्ये केंटकी राज्यात जॉर्जिया टर्नर या खाणकामगाराच्या मुलीच्या मुखातून ते ध्वनिमुद्रित केले होते. १९६२ मध्ये बॉब डिलनच्या आवाजातही ते प्रसिद्ध झाले. ‘ॲनिमल्स’च्या आविष्कारात एरिक बर्डनचा घोगरा स्वर, हिल्टन व्हॅलेंटाइनची आरंभीची गिटार आणि ॲलन प्राइसचे ऑर्गन यांचा संयोग झाला. तथापि तबकडीवर संयोजक म्हणून एकट्या प्राइसचे नाव छापले गेले आणि स्वामित्वधनही त्यालाच मिळाले. पाच नावांना जागा नव्हती, असे कारण पुढे सांगण्यात आले. सहकाऱ्यांच्या मनातील हे शल्य कायम राहिले. १९६५ मध्ये प्राइस बाहेर पडला. १९६६ मध्ये मूळ वृंद विसर्जित झाला. त्याच वर्षी त्यातील चॅस चँडलरने जिमी हेंड्रिक्सला लंडनला आणले.

मौखिक परंपरेत कर्तृत्व अनेकांत विभागलेले असते; मुद्रित नाव मात्र ते एकाच्या पदरी घालते. या वृंदाचा वारसा म्हणून त्याच्या स्वरांइतकाच हा बोधही विचारार्ह ठरतो.