ख्रिस्ताचे देवत्व : आद्य श्रद्धेचा उगम

ख्रिस्ताचे देवत्व : नाझरेथचा येशू हा केवळ गुरू वा संदेष्टा नसून मनुष्यदेह धारण केलेला देव आहे, ही ख्रिस्ती धर्माची मध्यवर्ती श्रद्धा. इ. स. ३० च्या सुमारास यरुशलेमजवळ येशूला वधस्तंभावर खिळण्यात आले. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांतच त्याचे अनुयायी त्याला ‘प्रभू’ म्हणून आळवत होते, त्याच्या नावाने बाप्तिस्मा देत होते आणि त्याच्या स्मरणार्थ भोजनाला एकत्र बसत होते. हे पहिले अनुयायी जन्माने यहुदी होते आणि एका देवाखेरीज कोणाचीही पूजा करणे त्यांच्या धर्मात सर्वांत मोठे पाप होते. अशा लोकांनी आपल्यातल्याच एका माणसाला देवाच्या बरोबरीने कसे मानले, हा धर्मेतिहासातील एक मोठा प्रश्न आहे. रायगड जिल्ह्यातील पेण, रोहा, अलिबाग या पट्ट्यात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल समाजामुळे त्याचे गांभीर्य मराठी वाचकाला जवळून उमगते.

कोकणातील एकेश्वरनिष्ठा : बेने इस्रायल हे मराठी बोलणारे यहुदी. आपले पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले आणि त्यांतली सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे ही कुटुंबे गावोगाव पसरली व गावांवरून त्यांना आडनावे मिळाली : पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, कुंडलिका नदीच्या पलीकडच्या अष्टमीचे अष्टमकर, किहीमचे किहीमकर. तेलाचा घाणा चालवणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. हिब्रू ग्रंथ व भाषा विस्मरणात गेली, तरी सुंता, शब्बाथ, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि ‘शमा’ एवढे त्यांनी जपले. देव एकच आहे असे इस्रायलला बजावणारी ही प्रार्थना बायबलच्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली आहे. जन्म, विवाह, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी तीच म्हटली जाई. बाकीचे पुष्कळ विसरले, पण देवाचे एकपण विसरले नाही, हा या समाजाच्या इतिहासातला सर्वांत बोलका भाग होय. पेणला १८६३ मध्ये उभारलेल्या सिनेगॉगचे नाव ‘बेथ हा-एलोहिम’, म्हणजे देवाचे घर, असे आहे.

येशू आणि त्याचे शिष्य हीच शमा म्हणत वाढले. देवाची सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारले असता येशूने शमाचाच आधार घेऊन उत्तर दिले, असे मार्काच्या शुभवर्तमानात नमूद आहे. त्याच्या देवत्वावरील श्रद्धा एकेश्वरनिष्ठा सैलावलेल्या लोकांत जन्मली नाही. ती शमा म्हणणाऱ्यांच्या घरात जन्मली.

मान आणि पूजा : यहुदी धर्मात थोर पूर्वज, संदेष्टे व देवदूत यांना मोठा मान असतो, पूजा मात्र केवळ देवाची. बेने इस्रायलांच्या ‘मलिदा’ विधीत हा फरक स्पष्ट दिसतो. पोहे, खोबरे, गूळ आणि फळे यांचे ताट मांडून एलियाहू हानाबी, म्हणजे मराठी बायबलमधील संदेष्टा एलीया, याचे गुणगान केले जाते. अलिबागजवळच्या खंडाळे येथे एलियाहू प्रकटला अशी श्रद्धा असून तेथे नवस फेडायला लोक जातात. एलीया जिवंतपणीच स्वर्गात घेतला गेला, असे शास्त्र सांगते. तरीही मलिद्याच्या ताटावरचे आशीर्वचन त्याला उद्देशून नसते. ते फळे निर्माण करणाऱ्या देवालाच उद्देशून असते.

पहिल्या शतकातील यहुदी विचारातही देवाजवळ उभ्या असलेल्या अनेक आकृती होत्या. नीतिसूत्रे ग्रंथातील सृष्टीपूर्व ‘ज्ञान’, दानीएलाच्या दृष्टांतात मेघांवरून येणारा मनुष्यपुत्रासारखा पुरुष, स्वर्गात नेलेला हनोख आणि अलेक्झांड्रियाच्या फिलोने मांडलेला ‘लोगोस’, म्हणजे देवाचा शब्द, या त्यांतल्या काही. यामुळे ख्रिस्ताविषयी बोलायला भाषा तयार मिळाली. परंतु यांपैकी कोणालाही उद्देशून नियमित सामुदायिक उपासना होत असल्याचे दिसत नाही. ती मर्यादा येशूच्या बाबतीत ओलांडली गेली.

आद्य साक्षी : सर्वांत जुना लिखित पुरावा म्हणजे आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल याची पत्रे. ती साधारण इ. स. ५० ते ६० या दशकातली, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीची आहेत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल शमाची मांडणीच विस्तारतो : एक देव म्हणजे पिता आणि एक प्रभू म्हणजे येशू ख्रिस्त. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील एका उताऱ्यात येशू आधी देवाच्या स्वरूपात होता, त्याने स्वतःला रिक्त करून दासाचे रूप घेतले, वधस्तंभावरचे मरण पत्करले आणि देवाने त्याला सर्वश्रेष्ठ नाव दिले, असा क्रम आहे. हा उतारा पौलाच्याही आधीचे उपासनागीत असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. देवापुढे प्रत्येक गुडघा टेकेल, हे यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात खुद्द परमेश्वराविषयी आलेले वर्णन त्यात येशूला लावले आहे.

दुसरा पुरावा एका शब्दात सामावला आहे. ग्रीक भाषिक करिंथकरांना पौल ‘मारानाथा’ हा अरामी उद्गार भाषांतर न करता लिहितो. प्रभूने यावे, अशी ही विनवणी आहे. अरामी ही येशूची व पॅलेस्टाइनमधील पहिल्या शिष्यांची भाषा. ग्रीक शहरांत पोचेपर्यंत हा शब्द मूळ रूपातच रूढ झाला होता, त्यावरून येशूला ‘प्रभू’ म्हणून हाक मारण्याची रीत पॅलेस्टाइनमधल्या आरंभीच्या मंडळीतच सुरू झाली असावी असे दिसते. हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतरात परमेश्वराच्या पवित्र नामाच्या जागी ‘कुरिओस’, म्हणजे प्रभू, हा शब्द वाचला जाई. तोच येशूसाठी वापरला गेल्याने शास्त्रातील परमेश्वराविषयीची वचने येशूकडे वळवता आली.

शुभवर्तमानांत ही श्रद्धा निरनिराळ्या ठिकाणांपासून उलगडते. मार्क (सु. ७०) बाप्तिस्म्याच्या प्रसंगी येशूचे पुत्रपण घोषित करतो, मत्तय व लूक (सु. ८०–९०) ते जन्मकथेपर्यंत मागे नेतात, तर योहान (सु. ९०–१००) सृष्टीच्याही आधी असलेल्या शब्दापासून आरंभ करतो. योहानाच्या शेवटी शंका घेणारा थोमा पुनरुत्थित येशूला आपला प्रभू व देव म्हणून संबोधतो.

ख्रिस्तीतर साक्षही आहे. बिथिनिया-पाँटसचा रोमन अधिकारी धाकटा प्लिनी याने इ. स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्रेजन याला कळवले, की ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र आळीपाळीने म्हणतात. इझ्रायलमधील मेगिद्दो येथे २००५ मध्ये सापडलेल्या तिसऱ्या शतकातील मोझेइक फरशीवर, एका स्त्रीने येशू ख्रिस्त या देवाला स्मारक म्हणून मेज अर्पण केल्याची नोंद ग्रीक अक्षरांत आहे.

श्रद्धेची कारणे : पहिले कारण म्हणजे पुनरुत्थानाची खात्री. वधस्तंभ ही गुलाम व बंडखोर यांना दिली जाणारी लज्जास्पद शिक्षा होती. अशा मरणानंतर अनुयायांची पांगापांग होणे स्वाभाविक होते. पण मेलेला येशू आपल्याला दिसला, अशी साक्ष पेत्र, बारा शिष्य, याकोब आणि शेवटी पौल यांनी दिली. ही यादी पौलाने आधीच्या परंपरेतून घेतल्याचे तो स्वतः सांगतो. दुसरे कारण म्हणजे शास्त्राचे नवे वाचन. प्रभूला देवाच्या उजवीकडे बसण्यास सांगणारे ११० वे स्तोत्र आद्य ख्रिस्ती लेखनात पुन्हापुन्हा येते. येशू पुन्हा जिवंत झाला एवढेच नव्हे, तर देवाच्या सिंहासनाजवळ आहे, असा अर्थ त्यातून घेतला गेला. तिसरे कारण येशूच्या स्वतःच्या वागण्यात शोधले जाते : पापांची क्षमा करणे, देवाला ‘अब्बा’, म्हणजे पिता, म्हणणे, नियमशास्त्राचा अर्थ स्वतःच्या अधिकाराने सांगणे. चौथे कारण उपासनेचा अनुभव. आत्म्याचे दान, दृष्टांत व सामुदायिक प्रार्थना यांतून ख्रिस्त उपस्थित आहे असे त्यांना जाणवे. प्रार्थना आधी आली, व्याख्या नंतर झाली. या विषयातील हे सर्वांत महत्त्वाचे सूत्र होय.

पर्यायी मते : पहिल्या तीन शतकांत सर्वांनी एकच उत्तर दिले नाही. एबियोनी या यहुदी ख्रिस्ती गटाने येशूला मसिहा मानले, देव मानले नाही. डोसेटी मतानुसार ख्रिस्ताचा देह हा केवळ भास होता. सबेलियसच्या मते पिता, पुत्र व आत्मा ही एकाच देवाची तीन रूपे. बायझँटियमच्या थिओडोटसने दुसऱ्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये, देवाने येशू या मनुष्याला जणू दत्तक घेतले, असे मत मांडले. सेरिंथस याच्या नावावर असलेल्या मतात बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्त येशूवर उतरला आणि वधस्तंभापूर्वी निघून गेला.

पेणच्या गणेशमूर्तींमुळे घरोघर परिचित असलेला विधी हे शेवटचे मत समजायला उपयोगी पडतो. मूर्ती घडते, प्राणप्रतिष्ठेने तिच्यात देवत्वाचे आवाहन होते आणि उत्तरपूजेनंतर विसर्जन होते. सेरिंथसच्या मताची रचना काहीशी अशी आहे. चर्चने ते नाकारले ते याच मुद्द्यावर : येशूच्या ठायी देवत्व येऊन गेले नाही, दुःख भोगून मेला तो देवाचा पुत्रच. अवताराच्या कल्पनेशीही साम्य व भेद आहेत. देवाने लोकांसाठी खाली येणे दोन्हींत समान आहे, परंतु ख्रिस्ती देहधारण एकदाच घडते आणि तो मनुष्यदेह पुनरुत्थानानंतरही टाकून दिला जात नाही.

निकाया ते कॅल्सेडन : इ. स. ३१८ च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस याने पुत्र हा देवाची पहिली व श्रेष्ठ निर्मिती असून तो पित्याइतका सनातन नाही, असे शिकवले. या वादातून सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ मध्ये निकाया येथे धर्मपरिषद बोलावली. पुत्र पित्याशी ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकतत्त्व आहे, असा तिचा निर्णय झाला. वाद तेथे संपला नाही. निकायाच्या निर्णयाचा पुरस्कर्ता अथानेशियस याला त्यासाठी अनेकदा हद्दपारी सोसावी लागली. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने निर्णय दृढ केला आणि ४५१ च्या कॅल्सेडन परिषदेने ख्रिस्त हा एकच, पण पूर्ण देव व पूर्ण मनुष्य अशा दोन स्वभावांचा, हे सूत्र ठरवले. निकाया परिषदेने येशूला देव ‘बनवले’ हा समज चुकीचा आहे. त्याची उपासना तिच्या जवळजवळ तीनशे वर्षे आधीपासून चालू होती. ते देवत्व कोणत्या अर्थाने मानायचे, एवढेच परिषदेने ठरवले.

आधुनिक संशोधन : विल्हेल्म बूसेट याने १९१३ मध्ये असे मांडले, की येशूची ‘प्रभू’ म्हणून पूजा यहुदी भूमीत नव्हे, तर ग्रीक शहरांतील मंडळ्यांत, तेथील पंथांच्या प्रभावाखाली सुरू झाली. लॅरी हर्टाडो याने १९८८ पासून याचा प्रतिवाद केला : ख्रिस्तभक्ती अगदी आरंभीच्या वर्षांत आणि यहुदी मंडळीतच उद्भवली. रिचर्ड बॉकम याचे मत याला जवळचे आहे. बार्ट एरमन याने २०१४ च्या ग्रंथात, देवाने उंचावलेला मनुष्य ही आधीची कल्पना व आरंभापासून देव असलेला पुत्र ही नंतरची, अशी वाढ दाखवली. काळाच्या बाबतीत मात्र बूसेटची भूमिका आज मागे पडली आहे.

मराठीतील मांडणी : ही श्रद्धा मराठीत सविस्तर आली ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’तून (१६१६). सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाने ख्रिस्तकथेला पुराणाचा घाट दिला. नव्या कराराची मराठी भाषांतरे सेरामपूरहून मोडी लिपीत (१८११) व मुंबईच्या अमेरिकन मिशनकडून बाळबोध लिपीत (१८२६) निघाली. १८२९ मध्ये मुंबईस आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी बेने इस्रायलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण रचले (१८३२). मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुले शिकली आणि काही जण शिक्षकही झाले. त्या शिक्षणातून व मराठी बायबलातून त्यांना आपलेच शास्त्र पुन्हा वाचता आले. ख्रिस्ताचे देवत्व मात्र त्यांनी क्वचितच स्वीकारले. जी शमा पहिल्या शिष्यांनी येशूला सामावून विस्तारली, ती यांनी होती तशी राखली.

मराठी ख्रिस्ती व्यक्तींनाही हा प्रश्न सोपा गेला नाही. पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यानंतरही त्रैक्य व ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी त्यांनी सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून निर्भयपणे वाद घातला. अधिकाराने सांगितलेले सिद्धांत त्यांनी डोळे मिटून घेतले नाहीत आणि कालांतराने वैयक्तिक अनुभवातून त्यांची ख्रिस्तश्रद्धा दृढ झाली. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग-ओव्यांतून ख्रिस्ताला मराठी भक्तीच्या भाषेत आळवले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी पूर्ण केले. भक्तीतून सिद्धांताकडे जाण्याची आद्य मंडळीची वाट रमाबाई व टिळक या दोघांच्या जीवनात पुन्हा दिसते.

रोह्याहून वाहत येणारी कुंडलिका समुद्राला मिळते तेथे एका काठावर रेवदंडा व दुसऱ्या काठावर कोर्लई आहे. रेवदंड्यात बेने इस्रायलांचे सिनेगॉग आहे. कोर्लईत पोर्तुगीज काळापासूनची, पोर्तुगीजोद्भव बोली बोलणारी ख्रिस्ती वस्ती आहे. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल कुटुंबे इझ्रायलला गेली, तरी त्यांची सिनेगॉग व दफनभूमी या भागात अजून दिसतात. शमा देवाच्या एकपणाने सुरू होते, आणि निकायाचा विश्वासांगीकारही एका देवावरील विश्वासानेच सुरू होतो. दोन्ही काठांवरच्या प्रार्थनांचा आरंभीचा विचार एकच आहे. त्या एकपणात नाझरेथच्या येशूला जागा आहे का, या प्रश्नावर दोन धर्म वेगळे झाले.