तळटीप : ‘इफ’ आणि ‘व्हाइल’

१. लेखकाने हे इंग्रजी शब्द म्हणून घेतले आहेत. यंत्राच्या लेखी त्या नुसत्या ठरवून दिलेल्या खुणा. १९५० च्या दशकात संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी वरिष्ठांना इंग्रजीच्या जोडीने फ्रेंच आणि जर्मन आज्ञाही चालवून दाखवल्या. अमेरिकी यंत्राला परक्या भाषा कशा कळतील, म्हणून वरिष्ठच बिथरले! पायथन या संगणकभाषेचे आज्ञाशब्द आजही इंग्रजीच आहेत, पण २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांना मराठी नावे देता येतात. ‘किंमत’ बिनतक्रार चालते. तिच्यापुढचा आकडा मात्र देवनागरीत लिहून चालत नाही. (वापरणाऱ्याने टंकलेल्या ‘४०’चे संख्येत रूपांतर मात्र होते.) खरी गोम ‘दऱ्या’सारख्या नावात. त्यातला अर्धा र काही कळफलक ‘र्’पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालून उमटवतात, आणि त्या चिन्हापाशी पायथन अडून बसतो. युनिकोडमधला स्वतंत्र ‘ऱ’ वापरला की तेच नाव चालते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, त्यामुळे चूक डोळ्यांनी सापडणे जवळपास अशक्यच. — संपा.