मण्यार किंवा नाग चावल्यावर श्वास का थांबतो?

झोपेतही आपला श्वास चालू राहतो, कारण मेंदूच्या तळाशी असलेले श्वसन केंद्र त्याची लय सांभाळते. तिथल्या पेशी एकमेकींना न्यूरोट्रान्समीटर या रसायनांमार्फत निरोप देतात. ग्लुटामेट श्वास घेण्याचा निरोप पुढे पाठवते, तर गाबा आणि ग्लायसिन त्याला आवर घालतात. शेवटी नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन बाहेर पडते, श्वासपटलाचा स्नायू आकसतो आणि छातीत हवा येते. ही रचना माणसात आणि गाई-म्हशींतही सारखीच असते.

विष काय करते?

नागाचे विष स्नायूवरची ॲसिटिलकोलीनची जागा अडवते. मण्यारचे विष मुख्यतः नसेचे टोकच निकामी करते. मेंदू निरोप पाठवत असतो, पण तो स्नायूपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे डोळे न उघडणारा, न हलणारा रुग्णही शुद्धीवर असू शकतो आणि त्याला तुमचे बोलणे ऐकू येत असू शकते. तो गेला असे घरच्यांनी ठरवू नये.

लक्षणे

मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्यांना चावते. वेदना व सूज फारशी नसते, कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, एकाचे दोन दिसणे, गिळता न येणे, आवाज बदलणे ही लक्षणे दिसली तर सर्पदंशाची शंका घ्या.

घरच्यांनी काय करावे?

• लगेच १०८ ला फोन करा. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा.
• रुग्णाला चालवू नका, कुशीवर झोपवा. लाळ गिळता येत नसल्याने तोंडातून काही देऊ नका.
• दोरी आवळणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे नेणे टाळा.
• श्वास थांबल्यास तोंडाने श्वास द्या आणि दवाखान्यापर्यंत देत राहा.

दवाखान्यात काय होते?

सर्पविषावरील लस रक्तातले विष निष्प्रभ करते. नागदंशात निओस्टिग्मीनचाही उपयोग होतो. मण्यारच्या दंशात मात्र नसांची टोके पुन्हा तयार व्हायला दिवस लागतात. तोपर्यंत व्हेंटिलेटर रुग्णासाठी श्वास घेतो. म्हणून लिंबागणेशसारख्या गावातून रुग्णाला आधी जवळच्या आरोग्य केंद्रात लस सुरू करून, फुग्याने श्वास देत, बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात हलवावे लागू शकते. श्वास वेळेवर सांभाळला गेला, तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होऊन घरी जातात.